रायली, ॲम्बॅसेडर आणि पहिला हंगाम

ब्रिटनमधील सलून गाड्यांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद मालिकेचा पहिला हंगाम १९५८ सालचा. ब्रिटिश रेसिंग अँड स्पोर्ट्‌स कार क्लब या संस्थेने तो भरवला. शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेल्या एका आसनाच्या गाड्यांना त्यात प्रवेश नव्हता. शोरूममध्ये विकत मिळणारी, छप्पर आणि डिकी असलेली, घरच्या माणसांना घेऊन सहलीला जाणारी गाडीच तिथे उतरवायची होती. पहिली शर्यत २६ डिसेंबर १९५७ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, केंट परगण्यातील ब्रँड्स हॅच येथे झाली. अजिंक्यपदाचा निकालही अखेर तिथेच लागला, पण तो ज्या रीतीने लागला तिची तरतूद कोणत्याही नियमात नव्हती.

या मालिकेला १९८७ पासून ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिप म्हणतात आणि ती आजही चालू आहे. ऑस्ट्रेलियाने १९६० मध्ये आणि जर्मनीने १९८४ मध्ये आपापल्या मालिका सुरू केल्या. भारताच्या राष्ट्रीय कार रेसिंग अजिंक्यपदातही ‘इंडियन टूरिंग कार’ हा वर्ग आहे आणि त्यात मुंबई, पुणे, कोल्हापूरची मुले उतरत आली आहेत. रस्त्यावरच्या गाड्यांची शर्यत म्हटली की एक पेच ठरलेला असतो: जिंकले कोण, गाडी की चालवणारा? पहिल्याच हंगामात तो इतक्या टोकाला गेला की आयोजकांना तो मैदानात सोडवावा लागला.

धावपट्ट्यांवर उभा राहिलेला खेळ

दुसरे महायुद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये लष्करी विमानतळ ओस पडले. विमाने गेली, सिमेंटच्या धावपट्ट्या आणि भोवतीचे रस्ते राहिले. सिल्व्हरस्टोन हा असाच एक तळ. गुडवूडचा ट्रॅक म्हणजे वेस्टहॅम्पनेटच्या हवाई तळाला वळसा घालणारा रस्ता. मोटारींच्या शर्यतीसाठी रुंद, सपाट आणि रहदारी नसलेला रस्ता हवा असतो, आणि तो नव्याने बांधायला पैसा लागतो. इथे तो आयताच मिळाला.

भारतातही वेगळे घडले नाही. मद्रासच्या उत्तरेला शोलावरम येथे महायुद्धकाळातील धावपट्टी होती. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबने ती शर्यतींसाठी वापरली आणि पुढची तीन-साडेतीन दशके भारतीय मोटार शर्यतींचे माहेरघर तेच राहिले. पन्नास-साठच्या दशकांत मुंबईत जुहूच्या धावपट्टीवरही शर्यती झाल्या. १९२८ पासूनच्या या विमानतळावर जे. आर. डी. टाटा १९३२ मध्ये कराचीहून टपाल घेऊन उतरले होते. मुंबईत मोटारवाल्यांची संघटनाही जुनी आहे. चर्चगेटला कार्यालय असलेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ ची. धावपट्टी होती, हौशी लोक होते, संघटना होती. तरीही शर्यतीचा कायमचा ट्रॅक मद्रासकडे उभा राहिला, कारण तिथल्या क्लबने धावपट्टीच्या भरवशावर न राहता इरुंगट्टुकोट्टई येथे स्वतःची जमीन घेतली आणि १९९० मध्ये तिथे बांधीव ट्रॅक सुरू केला. मुंबईत जमिनीचे भाव पाहता तसे धाडस कोणाला झाले नाही. जुहूची धावपट्टी हेलिकॉप्टर आणि लहान विमानांकडे राहिली.

वर्गवारीचे गणित

सलून गाड्यांची शर्यत आणि एकाच ताकदीच्या गाड्यांची शर्यत यांत मूळ फरक आहे. बाजारात मिळणारी कोणतीही गाडी आणा म्हटले की ९०० सीसीची ऑस्टिनही येते आणि साडेतीन लिटरची जॅग्वारही. दोघींना एका रेषेवर उभे केले तर निकाल आधीच ठाऊक असतो. म्हणून इंजिनाच्या आकारानुसार चार वर्ग पाडण्यात आले: १२०० सीसीपर्यंत, तिथून १६०० पर्यंत, तिथून २७०० पर्यंत आणि त्यापुढच्या. सगळ्या गाड्या ट्रॅकवर एकत्र धावू शकत. गुण मात्र आपल्या वर्गातील क्रमांकाला मिळत. साऱ्यांच्या पुढे राहून झेंडा घेणाऱ्या जॅग्वारला वर्गविजयाचे जितके गुण, तितकेच गुण मागून येऊन आपला वर्ग जिंकणाऱ्या छोट्या गाडीला.

ही पद्धत प्रेक्षकाला सुरुवातीला गोंधळात टाकते. एकाच ट्रॅकवर प्रत्यक्षात चार शर्यती चालू असतात आणि अकराव्या क्रमांकावरची गाडी कदाचित वर्षाचे अजिंक्यपद खिशात घालत असते. पण टूरिंग कार शर्यतीचा कस याच पद्धतीत आहे. मोठ्या इंजिनाची गाडी सरळ पट्ट्यात पळते, पण ती जड असते. वळणाआधी तिला लवकर ब्रेक लावावा लागतो, टायर तापतात, वळणातून बाहेर पडताना तिची मागची बाजू सरकते. हलकी गाडी सरळ पट्ट्यात मागे पडते आणि वळणात अंतर भरून काढते. दोघींचे चालक सतत एकमेकांच्या वाटेत येतात. आपल्या वर्गातील प्रतिस्पर्ध्याशी झुंजताना दुसऱ्या वर्गातील गाडीला वाट कुठे द्यायची, तिच्या मागे राहून हवेचा अडसर कुठे चुकवायचा, हा हिशेब प्रत्येक फेरीत नव्याने मांडावा लागतो.

या गणिताचे फळ पुढच्या विजेत्यांच्या यादीत दिसते. १९५९ मध्ये जेफ युरेन फोर्ड झेफिरवर जिंकला, १९६० मध्ये डॉक शेफर्ड छोट्या ऑस्टिन ए-४० वर, आणि १९६१ मध्ये जॉन व्हिटमोर मिनीवर. जर्मनीत तर १९८४ च्या पहिल्या हंगामाचा विजेता फोल्कर श्ट्रायसेक वर्षभरात एकही शर्यत न जिंकता अजिंक्य ठरला. त्याची बीएमडब्ल्यू प्रत्येक वेळी गुणांच्या जागेत पोहोचत राहिली. सातत्याला मोल देणारी पद्धत खेळाला न्याय देते, असे मानायला हरकत नाही. मात्र तिच्यात बरोबरीची शक्यता कायम दडलेली असते.

अठ्ठेचाळीस विरुद्ध अठ्ठेचाळीस

१९५८ मध्ये नेमके तेच झाले. जॅक सिअर्स हा नॉरफोकमधील शेतकरी. त्याची गाडी ऑस्टिन ए-१०५ वेस्टमिन्स्टर, २,६३९ सीसीची, म्हणजे तिसऱ्या वर्गातील. टॉमी सॉपविथ हा विमाने बनवणाऱ्या सर थॉमस सॉपविथ यांचा मुलगा. पहिल्या महायुद्धातील सॉपविथ कॅमल हे विमान त्याच घराण्याचे. त्याच्याकडे ३.४ लिटरची जॅग्वार होती, सर्वांत मोठ्या वर्गातील. दोघे वर्षभर आपापले वर्ग जिंकत राहिले. हंगाम संपला तेव्हा दोघांचे गुण सारखे, प्रत्येकी ४८.

वर्ग वेगळे असल्यामुळे तुलनेला आधारच नव्हता. समोरासमोर धावले तर जॅग्वार पुढे जाणार, त्यात सिद्ध काय होणार? नाणेफेक करावी अशी सूचना पुढे आली. वर्षभर जीव धोक्यात घालून मिळवलेले पद नाण्याच्या उलटसुलट पडण्यावर सोडायला दोन्ही चालक तयार नव्हते, आणि ते योग्यच होते. शेवटी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने दोन सारख्या रायली वन-पॉइंट-फाइव्ह गाड्या दिल्या. ब्रँड्स हॅचवर पाच-पाच फेऱ्यांच्या दोन शर्यती ठरल्या. पहिलीनंतर दोघांनी गाड्या अदलाबदल करायच्या आणि दोन्हींची वेळ एकत्र धरायची. एका रायलीत दुसरीपेक्षा किंचित अधिक दम असला, तरी तो दोघांच्याही वाट्याला एकेकदा यायचा.

ट्रॅक ओला होता. सॉपविथने पहिली शर्यत जिंकली, सिअर्सने दुसरी. बेरजेत सिअर्स १.६ सेकंदांनी पुढे निघाला. ब्रिटनचा पहिला सलून कार विजेता असा ठरला. १९६३ मध्ये तो पुन्हा अजिंक्य झाला.

या निकालातील महत्त्वाची गोष्ट गाड्यांची अदलाबदल ही आहे. वर्गवारीने गाडी आणि माणूस यांचा गुंता थोडा सैल केला होता. अदलाबदलीने तो पुरता सुटला. एकाच बनावटीच्या गाड्या देऊन माणसामाणसांतील फरक मोजण्याचा हा मार्ग पुढे जगभर रुळला आणि अर्ध्या शतकानंतर चाकणच्या कारखान्यातून तो भारताच्या ट्रॅकवरही आला.

तेच इंजिन, वेगळी गाडी

रायली वन-पॉइंट-फाइव्हचे इंजिन १,४८९ सीसीचे, बी-सीरीज घराण्यातील. त्याच घराण्याचे १,४८९ सीसीचे इंजिन भारतात ॲम्बॅसेडरमध्ये बसले. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली ॲम्बॅसेडर हिंदुस्तान मोटर्सच्या उत्तरपाडा कारखान्यातून १९५८ मध्येच बाहेर पडू लागली, आणि थोड्याच काळात तिला हे नवे इंजिन मिळाले. रायलीला दोन कार्बोरेटर होते, ॲम्बॅसेडरला एक. बाकी जात एकच. मंत्र्यांच्या ताफ्यात आणि सरकारी कचेऱ्यांच्या आवारात एकेकाळी दिसणाऱ्या त्या पांढऱ्या गाडीचे रक्त ब्रँड्स हॅचच्या त्या ओल्या दुपारशी असे जोडलेले आहे.

मुंबईची गाडी मात्र फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यात ती तयार होई. १,०८९ सीसी, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, आणि ॲम्बॅसेडरपेक्षा हलकी अंगकाठी. पहिल्या हंगामाच्या वर्गवारीत ती सर्वांत लहान वर्गात बसली असती. आयातीवर कडक बंधने असलेल्या त्या काळात भारतीय शर्यतींत फियाट, ॲम्बॅसेडर आणि मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड यांवरच मदार होती. परदेशी गाडी एखाद्या संस्थानिकाकडे किंवा उद्योगपतीकडे असे. बाकीच्यांनी घरची गाडी घ्यायची, शनिवारी मागची सीट काढायची, रविवारी पळवायची आणि सोमवारी तिच्यातूनच ऑफिसला जायचे. ब्रिटनमध्ये जो खेळ नियमाने ‘घरच्या गाड्यांचा’ ठरवला गेला, तो भारतात परिस्थितीनेच तसा होता.

फियाटची पुढची पिढी प्रीमियर पद्मिनी झाली आणि काळ्या-पिवळ्या रंगात मुंबईची टॅक्सी बनली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली.

ऑपेरा हाऊसपासून लालबागपर्यंत

गिरगावच्या टोकाला, २०१६ मध्ये पुन्हा उघडलेल्या रॉयल ऑपेरा हाऊसच्या आसपास आणि न्यू क्वीन्स रोडच्या बाजूने मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. दर्शनी भाग अरुंद, आत खोलवर छतापर्यंत खोकी. गिऱ्हाईक बहुधा मेकॅनिक असतो किंवा त्याचा पोऱ्या. जुना, झिजलेला भाग पिशवीतून काढून तो काउंटरवर ठेवतो आणि ‘हे द्या’ एवढेच म्हणतो. दुकानदार तो हातात फिरवून पाहतो, दाते मोजतो, वरच्या फळीवरून खोके उतरवतो. पिस्टन रिंग, गॅस्केट, क्लच प्लेट, बेअरिंग, टाय रॉड एंड असा हा व्यवहार दिवसभर चालतो.

टूरिंग कारची तयारी याच वस्तूंपासून सुरू होते. नियमांनी गाडीचे मूळ रूप राखायचे असते: बाहेरचा पत्रा तोच, इंजिनाचा ठोकळा तोच. बदलता येते ते त्या चौकटीत. मागची सीट, गालिचे, छताचे अस्तर काढले की वजन उतरते. आत पोलादी नळ्यांचा पिंजरा वेल्ड केला जातो. गाडी उलटली तर चालकाला वाचवतो तो हाच रोल केज. स्प्रिंगा कडक आणि आखूड होतात, म्हणजे वळणात गाडी झुकत नाही. इंजिनात हेड उतरवून त्याचा तळ घासला जातो, त्यामुळे कॉम्प्रेशन वाढते. हवा आत येण्याच्या आणि धूर बाहेर जाण्याच्या वाटा घासून गुळगुळीत केल्या जातात. सिलिंडरचे बोरिंग-होनिंग, क्रँकचे ग्राइंडिंग, हे लेथ आणि ग्राइंडरवरचे काम.

अशा कामाचे हात लालबाग-परळला पिढ्यान्‌पिढ्या होते. कापड गिरण्यांना स्वतःची वर्कशॉप असत आणि तिथे फिटर, टर्नर, वेल्डर कामाला असत. रेल्वेचे वर्कशॉप परळला आहेच. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तरी या भागातील गल्ल्यांतून आणि पुलाखालच्या गाळ्यांतून गॅरेज अजून दिसतात. माटुंग्याला व्हीजेटीआय आहे. १८८७ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेतील विद्यार्थी स्वतः रेसिंग कार बांधतात. देशभरातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेसाठी अशा गाड्या कोइम्बतूरला जातात. मोटार शर्यतीला लागणारे सुटे भाग, कसब आणि शिक्षण हे तिन्ही या शहरात काही किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत. ट्रॅकसाठी मात्र दक्षिणेची वाट धरावी लागते.

चेन्नई आणि कोइम्बतूर

आज भारतातील राष्ट्रीय कार शर्यती प्रामुख्याने दोन ठिकाणी होतात: चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई आणि कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे. दुसऱ्याचे नाव एस. करिवर्धन यांच्यावरून आहे. त्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० चे इंजिन बसवून एका आसनाची स्वस्त रेसिंग कार तयार केली आणि मध्यमवर्गीय मुलांना शर्यतीचे दार उघडून दिले. १९९५ मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले. करी स्पीडवे २००३ मध्ये सुरू झाला.

टूरिंग कारच्या बाजूला मारुतीनेच क्रांती केली. एस्टीम ही गाडी ज्युनियर टूरिंग कार वर्गाचा कणा बनली: हलकी, सुट्या भागांना स्वस्त आणि कोणत्याही मेकॅनिकला तोंडपाठ. उत्पादन थांबून वर्षे झाली तरी ट्रॅकवर तिची सद्दी टिकून राहिली. वरच्या वर्गात होंडा सिटी आणि बलेनो, नंतर पोलो अशा गाड्या आल्या.

शर्यतीआधी गाडीची तपासणी होते. इंजिनाचा आकार, वजन, पिंजऱ्याची जोडणी, सीटचे पट्टे, अग्निशामक, चालकाचे न पेटणारे कपडे हे सारे तपासून मगच परवाना मिळतो. शर्यत संपल्यावर पहिल्या काही गाड्या बंद आवारात ठेवल्या जातात आणि संशय आला तर इंजिन उघडले जाते. नियमबाह्य बदल सापडला तर निकाल बदलतो. टूरिंग कारचा इतिहास अशा वादांनी भरलेला आहे, कारण मूळ गाडी आणि सुधारित गाडी यांच्यातील रेषा स्पॅनरच्या एका फिरकीने ओलांडता येते.

मुंबईच्या संघाला यासाठी सुमारे तेराशे किलोमीटर जावे लागते. गाडी ट्रकवर चढवायची, टायरचे जोड, हत्यारे, जादा गिअरबॉक्स घ्यायचा, मेकॅनिकांची राहण्या-जेवणाची सोय करायची. आणि पहिल्याच वळणात कोणी धडक दिली तर तसेच परत यायचे. हंगामात हा फेरा अनेकदा पडतो. सरावासाठी वेगळे जाणे बहुतेकांना परवडत नाही. चेन्नई-कोइम्बतूरच्या मुलाला घराजवळ जो सराव मिळतो तो गिरगाव-दादरच्या मुलाला मिळत नाही, आणि विजेत्यांच्या यादीत दक्षिणेचा वरचष्मा दिसण्याचे हे ठळक कारण आहे. गुणवत्तेचा त्याच्याशी संबंध कमीच.

चाकणची पोलो

फोक्सवॅगनचा चाकण येथील कारखाना ३१ मार्च २००९ रोजी सुरू झाला. पोलो ही छोटी गाडी २०१० मध्ये बाजारात आली आणि त्याच वर्षी कंपनीने पोलो कप ही शर्यत-मालिका सुरू केली. सर्व स्पर्धकांना एकसारख्या गाड्या, त्यांची देखभाल कंपनीच्या तंत्रज्ञांकडे, चालकाने शुल्क भरायचे आणि गाडी चालवायची. रायलीच्या निर्णायक लढतीत जी युक्ती एका दिवसापुरती योजली गेली होती, ती इथे संपूर्ण हंगामाची घडी बनली.

या पद्धतीचा मोठा फायदा नवख्याला होतो. स्वतःची गाडी बांधायची, तिच्यामागे मेकॅनिक ठेवायचा, हा भार जातो. वडिलांचे गॅरेज नाही, ओळखीचा ट्यूनर नाही, अशा मुलालाही निवडचाचणीतून आत येता येते. पोलोनंतर व्हेंटो आणि अमिओ या गाड्यांच्या मालिकाही याच धर्तीवर झाल्या. कोल्हापूरचे ध्रुव मोहिते याच मालिकांतून पुढे आले. कोल्हापूरला मोहितेज रेसिंग अकॅडमीचा कार्टिंगचा ट्रॅक आहे आणि जवळ ट्रॅक असला की काय होते याचे महाराष्ट्रातील ते चालते-बोलते उदाहरण आहे. तिथली मुले कार्टमध्ये बसून वळणाची रेषा लहानपणीच शिकतात.

मात्र एकसारख्या गाड्यांच्या शर्यतीत एक गोष्ट हरवते. ऑपेरा हाऊसच्या काउंटरवर दाते मोजणारा दुकानदार, हेड घासणारा मेकॅनिक, रात्रभर गिअरबॉक्स उतरवणारे मित्र, या साऱ्यांना त्यात जागा नसते. खुल्या टूरिंग कार वर्गात त्यांचाही विजय असतो. म्हणून दोन्ही प्रकार हवेत.

रस्ता आणि ट्रॅक

टूरिंग कार ही रस्त्यावरच्या गाडीची सख्खी बहीण असल्याने तिचा मोह रस्त्यावरही सुटत नाही. १९५८ चा फॉर्म्युला वन विश्वविजेता माइक हॉथॉर्न सलून शर्यतींत जॅग्वार ३.४ चालवत असे. जानेवारी १९५९ मध्ये तशाच जॅग्वारमध्ये, गिल्डफर्डजवळच्या सार्वजनिक रस्त्यावर, त्याचा अपघाती मृत्यू झाला. ट्रॅकवरची वर्षे त्याने निभावून नेली होती.

मुंबईत मरीन ड्राइव्ह, वांद्रे रेक्लमेशन आणि द्रुतगती मार्गांवर रात्री शर्यती लावणारी मुले पोलिसांच्या हाती लागतात, काही रुग्णालयात पोहोचतात, काही पोहोचतही नाहीत. आणि त्यांच्यासोबत वाटेवरचा एखादा निरपराध माणूसही जातो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी वेगाची शर्यत लावणे हा गुन्हा आहे. हा कायदा रास्त आहे आणि तो कडकपणे राबवला पाहिजे. पण वेगाची ओढ असलेल्या मुलाला केवळ नाकाबंदी दाखवून भागत नाही. त्याला हेल्मेट, पिंजरा, मार्शल, रुग्णवाहिका आणि चारी बाजूंनी अडथळे असलेली जागा दाखवावी लागते. ती जागा आज मुंबईत नाही.

राज्यात मोटारी बनतात. चाकण-तळेगाव पट्टा देशाच्या वाहन उद्योगाचा मोठा भाग आहे, पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारखी संस्था आहे. मुंबईपासून दोन-तीन तासांच्या अंतरावर, पुणे किंवा रायगड जिल्ह्यात, सामान्य स्पर्धकाला भाड्याने परवडेल असा राष्ट्रीय दर्जाचा ट्रॅक राज्य सरकार, वाहन उद्योग आणि मोटार क्लब यांनी मिळून उभा करावा. त्यावर पहिला हक्क घरची गाडी घेऊन येणाऱ्यांचा असावा.